दरडोई वीज

माणूस माणसाच्या बरोबरीचा आहे, या विचाराहून मोठा विचार आजवर कुणाला सुचलेला नाही. आमच्या इमारतीत तो अमलात आला, तेव्हा त्याचा खर्च दरडोई तीनशे रुपये पडला.

इमारत लोणावळ्यात, तुंगार्लीच्या अंगाला. दोन मजले, आठ खोल्या आणि विजेचा मीटर एक. प्रत्येक खोलीला वेगळा मीटर 'प्रोसेसमध्ये' होता. मी तिथं राहायला गेले तेव्हा तो प्रोसेसमध्ये होता आणि मी सामान हलवलं तेव्हाही त्याची प्रकृती तशीच होती. मी त्या वेळी एका शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात नोकरीला होते, एकटी होते आणि स्वस्त खोली शोधत होते. स्वस्त खोल्यांना मीटर नसतात हे नंतर कळलं.

मालकांना सगळे शेठ म्हणायचे. ते राहायला बाजारात. इमारतीला लागून त्यांचा एक बंगला होता. तो शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या लोकांना भाड्यानं जायचा. बंगल्यात पोहायचा तलाव होता. त्याला 'पूल' म्हणायची पद्धत आहे. ज्या गावात पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला हिरवी बुरशी धरते, मीठ बरणीतच विरघळतं आणि टॉवेल आठवडाभर वाळत नाही, तिथं पैसे मोजून पाण्यात उतरायला लोक का येतात, हे मला कधी समजलं नाही. पण यायचे, आणि भरपूर यायचे. शेठची त्यामुळे भरभराट होती. ते अजून कुठल्या निवडणुकीला उभे राहिले नव्हते. पण पुढेमागे राहतील अशा बेतानं चौकातल्या फ्लेक्सवर कायम हात जोडून उभे असायचे.

बिलाचे आठ सारखे भाग होत. ते जास्त येतं ही आमची रोजची कुरकुर. पण का येतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. ते एका शनिवारी कळलं. खालच्या खोलीत हॉटेलच्या भटारखान्यात कामाला असलेली पाच पोरं राहायची. त्यांच्या पंख्यातून ठिणग्या उडायला लागल्या म्हणून एकानं धावत जाऊन मेन स्विच पाडला. त्याबरोबर शेजारच्या बंगल्यातलं गाणं बंद पडलं, पुलातले निळे दिवे गेले आणि पाण्यात असलेली मंडळी ओरडायला लागली. आम्हाला योगायोग वाटला. पोरानं स्विच वर केला. गाणं सोडलं तिथून पुढं सुरू झालं. त्यानं पुन्हा स्विच पाडला. पुन्हा आरडाओरडा. तोवर आम्ही सगळे गॅलरीत जमलो होतो आणि तो नाटकाच्या पडद्यामागच्या माणसासारखा आमच्याकडे बघून स्विच खाली-वर करत होता.

"बास. पुरावा मिळाला," डेपोतले बाबू म्हणाले.

हे बाबू वरच्या मजल्यावर पहिल्या खोलीत राहायचे. देहूरोडच्या डेपोत कारकून, रोज जाऊन-येऊन. माणूस सरळ होता, फक्त त्याच्या प्रत्येक वाक्यात 'सदर' यायचं. सदर पुलाची वीज सदर भाडेकरूंच्या माथी का, असा त्यांनी शेठना सवाल केला. आणि शेठनी, त्यांच्या मानानं फारच लवकर, गच्चीवर बैठक बोलावली.

गच्चीवर पत्र्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. वीस-पंचवीस माणसांसाठी लाउडस्पीकर आणला होता. बैठकीची सुरुवात बाबूंच्या सत्कारानं झाली. 'जागरूक भाडेकरू' म्हणून शेठनी त्यांना शाल घातली, हातात नारळ दिला आणि फोटो होईपर्यंत त्यांचा दंड धरून ठेवला. अंगावर शाल आणि मांडीवर नारळ असताना माणसाला जोरात बोलता येत नाही, हे शेठना आमच्याआधी माहीत होतं.

"मंडळी," शेठ म्हणाले, "ही बिल्डिंग नाही, हे कुटुंब आहे."

"ते राहू द्या, पुलाचं काय?" कोपऱ्यातल्या खोलीतल्या काकूंनी विचारलं. काकू ब्लाऊज शिवायच्या आणि कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत.

"पुलाचा विषय मी तज्ज्ञांकडं दिलाय."

"कोण तज्ज्ञ?"

"आपला वायरमन."

"तो तुमचा मेहुणा आहे शेठ."

"मग? मेहुणा तज्ज्ञ नसतो काय?"

सगळे हसले. शेठही हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पण मूळ प्रश्न वेगळा आहे. वरती एका खोलीत या मॅडम एकट्या. खाली एका खोलीत पाच पोरं. दोघांना बिल सारखं. मला सांगा, हा न्याय आहे?"

एवढं बोलून ते खाली बसले. पुढचा दीड तास त्यांना काही बोलावं लागलं नाही.

सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पोरांकडे. बाबू शाल सावरत उठले आणि म्हणाले, बिल डोईप्रमाणे वाटलं पाहिजे, माणूस हाच एकक. एक माणूस, एक वाटा. बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता. या पद्धतीत सगळ्यात मोठा फायदा माझा होता, त्यामुळे माझं मत कुणी विचारलं नाही. पोरं म्हणाली, आम्ही घरी फक्त झोपायला येतो. काकू म्हणाल्या, झोपता तेव्हा पंखा काय तुमची आई हलवते? लहान मुलांचं काय करायचं, यावर बराच वेळ गेला. कुणीतरी तोडगा काढला, की एसटीसारखं करा, पाचच्या आत फुकट, बारापर्यंत हाफ.

"एसटीत बायकांनाही हाफ आहे," काकू म्हणाल्या.

"ती शासनाची योजना आहे," बाबू म्हणाले.

"आणि हे कुणाचं शासन आहे?"

बायकांचं हाफ नामंजूर झालं. मात्र एसटीच्याच धर्तीवर पंच्याहत्तरच्या पुढच्या ज्येष्ठांना पूर्ण माफी, हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. इमारतीत त्या वयाचं कुणी नव्हतं. पाहुण्यांबद्दल असं ठरलं, की आठ दिवस पाहुणा, त्यानंतर डोकं. शेवटी पेढे वाटले गेले. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, की पुलाचा विषय निघून दोन तास झाले होते. बंगल्यात मोटर चालू होती.

महिन्याच्या एक तारखेला बाबू आणि काकू गॅलरीतून डोकी मोजत निघायचे. हे काम शेठनी कुणाला सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. बिल येणार तेवढंच. डोकी वाढली की प्रत्येकाचा वाटा कमी. त्यामुळे कुणाकडे कोण आलं, किती दिवस राहिलं, रात्री थांबलं का, यात सगळ्यांना एकदम गोडी निर्माण झाली. वर्षानुवर्षं ज्यांनी एकमेकांना चहा विचारला नव्हता, ते आता एकमेकांच्या मेहुण्यांची नावं सांगायला लागले. दारासमोरच्या चपला काकू मोजतात, हे कळल्यावर चपला घरात गेल्या. पाहुणा दाराशी चप्पल काढायला वाकला, की यजमान म्हणायचे, आणा आतच, कुत्री पळवतात.

पोरांनी वाद घातला, की आमच्यातले दोघं रात्रपाळी-दिवसपाळीत एकच कॉट वापरतात, तेव्हा दोघांचं एक डोकं धरा.

"डोकी दोन आहेत," बाबू म्हणाले.

"पण काका, उशी एकच आहे."

बाबूंनी दोनच धरली. एकूण सत्तावीस भरली.

माझ्या शेजारच्या खोलीत एक कुटुंब होतं. नवरा तळेगावच्या कारखान्यात ठेक्यावर, बायको शेठच्या त्याच बंगल्यात पाहुण्यांचा स्वयंपाक करायची. शनिवारी दिवसभर पिठलं आणि तांदळाच्या भाकऱ्या. त्यांना उशिरा झालेल्या दोन मुली, दोघीही शाळेत, दोघीही बाराच्या पुढच्या, म्हणजे चार पूर्ण डोकी. शेजारणीचं माहेर कामशेतच्या पलीकडं, पवनेच्या बाजूला, डोंगरावरच्या चार घरांच्या वाडीत. तिथं तिची आई एकटी राहायची. हापसा उतारावर, ओढ्याकडेला. आषाढात म्हातारी हंडा घेऊन चढताना घसरली आणि पायाचं हाड मोडलं. कामशेतला प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, दसऱ्यापर्यंत पायावर भार द्यायचा नाही, दिला तर हाड वाकडं जुळेल. दुसरं मूल नाही. लेक तिला घेऊन आली.

म्हातारी आली ती तांदळाची गोणी घेऊन. स्वतःच्या खाचरातला तांदूळ. लेकीच्या घरी फुकट जेवायचं नाही, असा तिचा नेम होता. जेवायची ती त्याच तांदळाचा भात, आणि लेकीच्या घरातल्यांनीही तोच खावा असा आग्रह धरायची, म्हणजे कोण कुणाच्या घरी जेवतंय हे जरा संदिग्ध राही. जावई चांगला होता. तोही तोंडभरून म्हणायचा, "आमी सध्या सासूबाईंच्या जिवावर जेवतोय." ती खूश व्हायची. पाय लांब करून दारात बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची.

"बाई, तुमी येकल्याच ऱ्हाता व्हय?" पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं.

"हो."

"मंग भांडता कुनाशी?"

"मालकांशी."

"त्यो तर हितं ऱ्हात न्हाई. म्हंजी भांडान बी न्हाई आन् सौंसार बी न्हाई. लय अवघड हाय तुमचं."

आठ दिवस संपले. शेजारणीला धाकधूक लागली. आई पंच्याहत्तरच्या पुढची आहे, म्हणजे माफ आहे, अशी तिची खात्री होती. पण बंगल्यातलं काम शेठच्या मर्जीवर, आणि विषय निघालाच नाही तर बरा, असं तिनं ठरवलं. आईला यातलं काही सांगितलं नाही. चपलांची अडचण नव्हती, कारण म्हातारी अनवाणी आली होती. अडचण लुगड्याची होती.

इमारतीत दुसरं कुणी नऊवारी नेसत नव्हतं, आणि लुगडं ही काही लपवायची वस्तू नाही. गॅलरीच्या दोरीवर टाकलं तर ते शेजारणीच्या दारापासून माझ्या दाराच्या पुढं जायचं. म्हणून ते खोलीतच वाळायला लागलं, खिडकीच्या गजापासून दाराच्या बिजागरीपर्यंत. मुली त्याच्या खाली तंबूत बसल्यासारख्या अभ्यासाला बसायच्या. श्रावणाच्या तोंडावर लोणावळ्यात लुगडं घरात वाळवायचं तर पंखा दिवसरात्र पाचावर ठेवावा लागतो. एक डोकं लपवायला जेवढी वीज जळत होती, ती एका डोक्याच्या वाट्यापेक्षा नक्कीच जास्त असणार. ती मात्र नियमाप्रमाणे आम्हा सगळ्यांत सारखी वाटली जात होती, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

एक तारखेला बाबू आणि काकू आले तेव्हा शेजारीण बंगल्यावर होती. दार लोटलेलं होतं. बाबूंनी बाहेरूनच सवयीनं विचारलं, "घरात चारच ना?"

"पाच हाय की बाबा," आतून म्हातारीनं उत्तर दिलं. "मला धरून."

संध्याकाळी शेजारीण आली तेव्हा गॅलरीत सगळे जमले होते. तिच्या हातांना अजून पीठ होतं.

"आई ऐंशीच्या म्होरं हाय," ती म्हणाली. "माफ हाय ना तिला? तुमीच ठराव केला."

"माफ आहे. शंभर टक्के माफ आहे," बाबू म्हणाले. "फक्त सदर वयाचा पुरावा लागेल."

तिनं आईचं आधार कार्ड आणलं. त्या वाडीत सगळ्यांचा जन्म एक जानेवारीचा आहे. कार्डं काढायला जो मुलगा आला होता, त्यानं म्हातारीला वय विचारलं. ती म्हणाली, तुजं तूच बघ बाबा. त्यानं बघितलं आणि घाईत काहीतरी टाकलं. कार्डाप्रमाणे म्हातारी एकसष्ट वर्षांची होती. बाबूंनी शेजारणीचं कार्ड मागितलं. ती बावन्न.

बाबूंनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरली. "म्हणजे आई तुमच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे."

"आरं बाबा," म्हातारी दारातून म्हणाली, "मंग हिला म्या काय लगोऱ्या खेळत खेळत जलम दिला व्हय?"

हशा पिकला. बाबू हसले, काकू हसल्या, खालची पोरं जिन्यात बसून हसली. हसणं संपलं तसे बाबू म्हणाले, "ते खरं आहे आजी, पण कागद तो कागद."

"अहो, डोळ्यांना दिसतंय ना त्यांचं वय?" मी म्हटलं.

"मॅडम, डोळ्यांवर चालायचं तर मी साठचा दिसतो. मी अजून अठ्ठेचाळीसचाच आहे."

ते खरं होतं. ते साठचे दिसायचे.

"पर समदा इचार कशापायी चाललाय?" म्हातारीनं विचारलं.

"काय न्हाई. तू आत हो," शेजारीण म्हणाली.

पण काकूंना अर्धवट काही ठेवायची सवय नव्हती. "काही नाही हो आजी. विजेचे तुमचे महिन्याचे तीनशे होतात. जावईबापू भरतील."

म्हातारीनं पाय जवळ घेतला. "ज्यावाई भरनार?"

"मग कोण?"

तेवढ्यात कंपनीची बस येऊन जावई वर आला. त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं गेलं. तो म्हणाला, "तीनशे ना? भरतो की. हाय काय त्यात! विषय संपला." डबा घेऊन तो आत गेला. तो मनापासून बोलला होता, आणि त्याच्यापुरता विषय खरोखरच संपला होता. सासूचा तिथं सुरू झाला. तांदूळ गोणीतून आणता येतो. वीज आणता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं वीज वापरणं बंद केलं. पंख्याखाली बसेना. दिवा लागला की सरकत सरकत बाहेर गॅलरीत यायची आणि घरातला दिवा मालवेपर्यंत कठड्याला टेकून राहायची. अंधार पडला की गॅलरीतला दिवा लागायचा. तोही सामाईक होता, हे मी तिला सांगितलं नाही. लुगडं तिनं पंख्याखालून काढायला लावलं आणि मग ते ओलंच नेसायची.

"बाई, म्या बत्ती लावत न्हाई, पंखा लावत न्हाई," एकदा ती मला म्हणाली. "तरी मला मोजत्याल?"

"मोजतील."

"आन् ही मोटार कशाची घरघरती सारखी?"

मी पुलाचं सांगितलं. पाणी ओढून, गाळून, परत त्याच खड्ड्यात सोडायचं, आणि त्याची वीज आमच्या मीटरवरून जाते, हेही सांगितलं. तिनं पत्र्यावरून धो धो पडणाऱ्या पाण्याकडे बघितलं.

"येवढं वरनं पडतंय, त्ये कमी पडलं व्हय त्यास्नी?"

मी शेठना भेटायला गेले. म्हटलं, म्हातारी वयस्कर आहे हे तुम्हालाही दिसतंय, पाय मोडलाय, दसऱ्यापर्यंतचा प्रश्न आहे. तिला माफ आहे असं तुम्ही एकदा म्हणालात तर ती शांतपणे राहील. शेठचा चेहरा इतका उजळला, की मला तिथंच शंका यायला हवी होती.

"माफ! अहो मॅडम, अशी माणसं म्हणजे आशीर्वाद असतो. पण हे असं कानात सांगायचं काम नाही. गणपतीत करू. गच्चीवर, सगळ्यांच्या समोर. आजींना साडीचोळी, खुर्चीवर बसवू, चार शब्द बोलू."

"त्यांना चार शब्द नकोत."

"मला बोलायचेत ना. चांगलं काम दिसलं पाहिजे. दुसऱ्याला प्रेरणा मिळते."

"आणि त्यांच्या वाट्याचे पैसे कोण भरणार?"

"बाकीचे," शेठ म्हणाले. "कुटुंब आहे."

गणपती बसले आणि इमारतीच्या फाटकावर फ्लेक्स लागला. शेठच्या माणसानं गॅलरीत बसलेल्या म्हातारीचा फोटो कधी काढला होता कोण जाणे. एका बाजूला ती, पाय लांब केलेली. दुसऱ्या बाजूला शेठ, हात जोडलेले, तिच्या चौपट आकाराचे. मध्ये सोनेरी अक्षरांत मजकूर. म्हातारीला वाचता येत नव्हतं, पण आपला फोटो ओळखता आला. ती आनंदलीच थोडी. थोरल्या नातीला म्हणाली, "वाच गं, काय लिवलंय माज्याबद्दल."

नातीनं वरच्या कठड्यावरून मोठ्यानं वाचलं. "निराधार मातोश्रींना वीजबिल माफी सोहळा."

"निराधार म्हंजी?"

"ज्याला कुणी नसतं ना आजी, ते."

शेजारीण तिथंच भांडी विसळत होती. जावई सुट्टी असल्यानं घरात होता. नात परत एकदा फ्लेक्सकडे बघून म्हणाली, "पण तुला तर आम्ही आहोत." शाळेत तिला अर्थ बरोबर शिकवला होता.

गौरी आल्या त्या दिवशी, म्हणजे लेकी माहेरी येतात त्या दिवशी, ही आई लेकीच्या घरून निघाली. जावयानं पुष्कळ सांगितलं. तो रागावला, मग गयावया केली, मग म्हणाला मी तो फ्लेक्स फाडून टाकतो. बायको म्हणाली, तो फाडशील तर माझं बंगल्यातलं काम जाईल. प्लास्टर निघालं होतं, पण पाय अजून टेकवत नव्हता.

"तुमी पैकं भरलं आस्तं," म्हातारी जावयाला म्हणाली. "म्हाईत हाय मला. म्हनूनच निगाले."

"अवो, पन पावसुळा तर सरू द्या!"

"पावनी हुते तवर बसले. आता मोजलेली हाय मी. मोजलेल्या मान्सानं लेकीच्या घरी ऱ्हाऊ न्हाई."

मला तिनं जाताना विचारलं, "बाई, भांडताय का अजून?" मी म्हटलं, हो. "भांडा," ती म्हणाली. "तेवडंच बोलनं व्हतंय." गोणीत निम्मा तांदूळ शिल्लक होता. तो तिनं नेला नाही. लेकीला म्हणाली, माझ्या इजंचं त्यात भागव. जावयानं तिला जीपच्या पुढच्या सीटवर उचलून बसवलं आणि वाडीच्या पायथ्यापर्यंत सोबत गेला. पुढची चढण तो तिला पाठीवर घेऊन चढला, असं शेजारणीकडून कळलं.

सोहळा रद्द झाला नाही. फ्लेक्स छापला होता, मंडपवाल्याला पैसे दिले होते. गच्चीवर खुर्ची मांडली, खुर्चीवर साडीचोळी ठेवली आणि शेठ बोलायला उभे राहिले. "आजी आज आपल्यात नाहीत," ते म्हणाले. नव्यानं आलेल्या दोन माणसांनी मान खाली घातली. मग शेठनी माफी जाहीर केली. बंगल्यातले पाहुणे गंमत बघायला वर आले होते. त्यांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. एका बाईनं मला विचारलं, हा इथला पारंपरिक कार्यक्रम आहे का.

मी बाबूंना जिन्यात गाठलं. म्हटलं, आता तरी पुलाचं विचारा. ते म्हणाले, "मॅडम, आजींच्या जागी माझी आई असती तर मी पण कागदच मागितला असता." हे ते अभिमानानं बोलले की कसं, ते मला त्या वेळी कळलं नाही, अजूनही कळत नाही. गच्चीवरची साडीचोळी मात्र काकूंनीच उचलून शेजारणीला आणून दिली. शेजारणीनं ती परत बंगल्यावर नेऊन ठेवली.

पुढच्या सोमवारी शेजारीण आईकडं जाऊन आली. म्हातारी तिसऱ्याच दिवशी हंडा घेऊन हापशावर उतरली होती. पाय वाकडा जुळणार, हे आता डॉक्टरनं सांगायची गरज उरली नव्हती.

एक तारखेला बिल आलं. बिल तेवढंच होतं, डोकं एक कमी झालं होतं. माझ्या वाट्याला अकरा रुपये जास्त आले.